नागप्पा चंद्रप्पा, वय एकशे एक

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा गावांची, रस्त्यांची आणि पुढाऱ्यांची वाटणी लवकर उरकली. कागदांची वाटणी मात्र चार वर्षं झाली तरी चाललेलीच होती. ती उरकण्यासाठी मला नांदेडहून उचलून आणलं. माझा गुन्हा एवढाच, की निजामाच्या राज्यात मी सातवीपर्यंत उर्दूतून शिकलो होतो आणि जुने कागद मला वाचता येत होते. गोदावरीकाठच्या माणसाला आठ दिवसांतून एकदा नळ येणाऱ्या गावात नेऊन ठेवणं ही शिक्षाच, पण बदलीच्या हुकमावर 'जनहितार्थ' असं लिहिलेलं होतं. ही १९८६ सालची गोष्ट. पावसानं सलग तिसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं.

आमच्या कचेरीचं नाव अभिलेख विभागणी कक्ष. बंद पडलेल्या एका तेलगिरणीच्या गोदामात ती होती, त्यामुळे सगळ्या कागदांना करडीच्या पेंडीचा वास यायचा. कक्षात आम्ही तिघं. मी, शिपाई पंढरी आणि आमचे साहेब. साहेबांचं नावच साहेबराव होतं. लोक त्यांना साहेबराव साहेब म्हणत आणि त्यांना ते ऐकायला आवडे.

जुन्या जिल्ह्याहून कागद तीन ट्रक भरून आले ते पोत्यांत. कापडात बांधलेले बस्ते वाटेत फुटले, उंदरांनी दोऱ्या खाल्ल्या, आणि कुठल्या गावाचं काय हे देवालाच ठाऊक. मी बसलो वाचायला. मी कागद उचलायचा, त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि पंढरीनं तो नेऊन ठेवायचा. असं आम्ही सहा महिने मान मोडून केलं. सातव्या महिन्यात मला उदगीर तालुक्यातल्या एका गावाचा नकाशा हवा झाला, तेव्हा कळलं की पंढरीनं सगळे कागद गावाप्रमाणे न लावता नावाप्रमाणे लावलेत.

"तुम्ही नाव वाचीत होताव, मी नाव बघून ठेवीत होतो," पंढरी म्हणाला. "गाव कधी वाचलावच न्हाई तुम्ही."

ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. गोदामाच्या उत्तरेच्या भिंतीला लागून अकरा मांडण्या नुसत्या नागप्पांच्या होत्या. निलंग्याचा नागप्पा, औशाचा नागप्पा, मुरुडच्या बाजारातला नागप्पा, उदगीरच्या अडत्यांतला नागप्पा, सगळे खांद्याला खांदा लावून उभे. त्यांच्यासमोर चंद्रप्पांच्या नऊ मांडण्या. साहेबराव साहेबांना हे दाखवलं तर ते खूश झाले. माणूस शोधत येणाऱ्याला आधी नाव माहीत असतं, गाव नंतर, असं म्हणून त्यांनी वर एक अहवाल पाठवला आणि पंढरीला प्रशस्तिपत्र मिळालं.

जूनमध्ये महादेवी आली. तीस वर्षांची, कपाळाला भस्माचा पट्टा, हातात पिशवी. मागे तिचा नवरा चंद्रप्पा. तो घरजावई होता आणि बायको बोलत असताना आपण बोलायचं नसतं हे त्याला चांगलं समजलेलं होतं.

"माझ्या बापाचा कागद पाहिजे," ती म्हणाली.

"नाव?"

"नागप्पा चंद्रप्पा."

पंढरीला हसू आलं. "किती पाहिजेत?" त्यानं विचारलं.

तिला हसू आलं नाही. तिचं गाव हुलगेवाडी, उदगीरच्या पुढं, नांदेड जिल्ह्याच्या शिवेला लागून. तिथं तिच्या बापाचं चार एकर रान आणि एक विहीर. आसपासच्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवलेला असताना या विहिरीला अजून दीड परस, म्हणजे दीड माणूस बुडेल एवढं, पाणी होतं. बाप दोन वर्षांमागं वारला. त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याला त्याच रानात, विहिरीच्या वरच्या अंगाला पुरलं होतं. आता नव्या जिल्ह्यासाठी सगळे सातबारे नव्यानं लिहिले जात होते. तीस सप्टेंबरपर्यंत हरकत घ्यायची, त्यानंतर जे नाव लागेल ते कायमचं. आणि तिच्या भाऊबंदांतल्या एका माणसानं दरखास्त टाकली होती, की रान आपलं आहे.

"कशाच्या जोरावर?" मी विचारलं.

"नावाच्या," महादेवी म्हणाली. "त्याचं बी नाव नागप्पा चंद्रप्पाच हाय."

मग तिनं जे सांगितलं ते समजायला मला दोन कप चहा लागला. त्यांच्यात थोरल्या नातवाला आज्याचं नाव ठेवतात. म्हणजे नागप्पाचा मुलगा चंद्रप्पा, चंद्रप्पाचा मुलगा पुन्हा नागप्पा, आणि हे रहाटगाडगं कधी थांबायचं नाही. त्यात तिच्या पूर्वजांनी एक शहाणपणा केला होता. नागप्पा चंद्रप्पा मेला की त्याचा मुलगा जमीन आपल्या नावावर लावायला जातच नसे. तलाठ्याकडं खेटे कोण घालणार? नातू वीस वर्षांत मोठा होतोच, त्याचं नाव नागप्पा चंद्रप्पाच, मग कागद आपोआप जुळतो. शंभर वर्षांत या घराण्यानं एकही फेरफार केला नव्हता.

"आन् माझ्या बापाला मी एकलीच," महादेवी म्हणाली. "माझ्यापाशी येऊन नाव तुटलं."

मी कागद काढले. खरंच, १२९५ सालच्या उर्दू पत्रकात मालक नागप्पा चंद्रप्पा. पुढच्या प्रत्येक पत्रकात नागप्पा चंद्रप्पा. १९८१ च्या सातबाऱ्यावरही तोच. मी ती चळत घेऊन साहेबराव साहेबांकडं गेलो. त्यांनी सगळे कागद एकाखाली एक लावले आणि बराच वेळ कौतुकानं पाहत राहिले.

"इतका स्थिर खातेदार मी नोकरीत पाहिला नाही," ते म्हणाले. "१२९५ पासून कब्जा. म्हणजे सहाशे एक्क्याण्णव वर्षं."

"साहेब, ते फसली साल आहे. निजामाचं. त्यात पाचशे नव्वद मिळवले की आपलं साल येतं. १८८५."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे वय एकशे एक. मग ठीक आहे. सहाशे एक्क्याण्णव मलाही जरा जास्तच वाटत होतं."

मी त्यांना समजावलं की ही तीन वेगळी माणसं आहेत, महादेवीचा बाप, त्या बापाचा आजा आणि त्या आज्याचाही आजा, आणि तिघंही मेलेले आहेत. साहेब म्हणाले, पुरावा आणा. मला वाटलं, यात काय अवघड. जन्म-मृत्यूची पुस्तकं नांगराच्या बैलासारखी ओढत मी तीन आठवडे घालवले. तिन्ही मृत्यू सापडले. १३२८ फसलीत तापाच्या साथीत नागप्पा चंद्रप्पा, मयत. १९५१ साली नागप्पा चंद्रप्पा, मयत. १९८४ साली नागप्पा चंद्रप्पा, मयत. गाव हुलगेवाडी, तिन्ही ठिकाणी. मी छाती काढून कागद साहेबांपुढे ठेवले.

त्यांनी चष्मा पुसला. "हा माणूस १९५१ ला मेला?"

"हो."

"मग १९८४ ला परत कसा मरेल?"

"साहेब, तो दुसरा."

"नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच, जमीन तीच. हणमंतराव, एक माणूस तीनदा मरत नाही. तीनदा मेल्याची नोंद आहे याचा अर्थ तिन्ही नोंदी खोट्या आहेत. आणि तिन्ही खोट्या असतील तर माणूस जिवंत आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि दरखास्त त्याच्याच सहीची आलेली आहे. मेलेला माणूस दरखास्त कशी देईल?"

मी माझ्या टेबलाशी येऊन बसलो. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला इतका संताप कधी आला नव्हता, आणि त्याहून वाईट म्हणजे साहेबांच्या बोलण्यात चूक नेमकी कुठं आहे ते मला पटकन दाखवता येत नव्हतं.

दरखास्त देणारा नागप्पा चंद्रप्पा कचेरीत यायचाच. चाळिशीचा, अंगानं सडपातळ, भुवयांत वर्षानुवर्षं मुरलेल्या पिठाची पांढुरकी झाक. उदगीरला त्याची पिठाची गिरणी होती. दळायला दाणा नाही म्हणून ती चार महिने बंद होती. माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. येताना पंढरीसाठी तंबाखू आणायचा, महादेवी बाकावर बसलेली दिसली की उठून उभा राहायचा.

"तुला लाज वाटत नाही?" मी एकदा त्याला स्पष्ट विचारलं.

"वाटते की," तो म्हणाला. "पण माझी हीर आटली, गिरणी बंद पडली. आन् तिकडं सरकारी कागदावर माझं नाव लिहून ठेवलेलं हाय. कुणी बी असता तरी सोडलं नसतं, साहेब."

ऑगस्टमध्ये जिल्ह्याचा वाढदिवस आला. जिल्हा चार वर्षांचा झाला म्हणून जिल्ह्यातल्या सर्वांत वयोवृद्ध शेतकऱ्याचा सत्कार करायचा असं वर ठरलं आणि नाव कळवण्याचं काम कक्षाकडं आलं. साहेबराव साहेबांनी क्षणभरही विचार केला नाही.

मी मांडवात शेवटच्या रांगेत बसलो होतो. नागप्पा चंद्रप्पा, वय एकशे एक, असं नाव पुकारलं गेलं आणि गिरणीवाला नागप्पा काळ्याभोर मिशांनिशी मंचावर चढला. पहिल्या रांगेत थोडी चुळबुळ झाली. पण वय छापील कागदावरून वाचलेलं होतं, त्यामुळे टाळ्या पडल्या. शाल, श्रीफळ, चौकटीतलं मानपत्र. सूत्रसंचालक म्हणाला, बघा, जुन्या माणसांचा आहार. माझ्या शेजारचे एक सेवानिवृत्त मास्तर म्हणाले, ज्वारी खाल्लेलं हाड आहे ते, असं होतं.

त्या दिवसापासून नागप्पाचं काहीतरी बिघडलं. आधी बायाबापड्या त्याच्या पाया पडायला लागल्या. मग लोक त्याला विचारायला लागले, आजोबा, असा दुष्काळ यापूर्वी कधी पडला होता? पहिल्यांदा त्यानं कानाला हात लावले. दुसऱ्यांदा गप्प बसला. तिसऱ्यांदा म्हणाला, पडला होता एकदा, लोकांनी चिंचेचे कोवळे पाले खाल्ले होते. एकानं विचारलं, निजामाला पाहिलं होतं का. तो म्हणाला, लांबून. सप्टेंबरात तो कचेरीत आला तेव्हा हातात काठी होती आणि अंगावर त्या उन्हातही शाल.

"कंबर धरायलीय, हणमंतराव," तो म्हणाला. बसताना त्यानं एक हात गुडघ्यावर टेकला.

मला हसायला यायला हवं होतं. पण मी पाहिलं, तो नाटक करत नव्हता. त्याच्या डोळ्यांत भीती होती.

इकडं तीस तारीख जवळ येत चालली. महादेवी आता दर सोमवारी यायची. रात्रीची बस धरायची, सकाळी दारात हजर. मला तिची दया येत होती, आणि आपल्या हुशारीची खुमखुमीही होती. मग मला एक मार्ग सुचला आणि तो मी तिला मोठ्या ऐटीत सांगितला. राजपत्रात जाहिरात देऊन माणसाला नाव बदलता येतं. तिनं आपलं पहिलं नाव नागप्पा करून घ्यावं. मधलं नाव नवऱ्याचं, चंद्रप्पा. झाली ती नागप्पा चंद्रप्पा. कायद्यानं कुणाला बोट ठेवता येणार नाही. साहेबांना तर हे फारच पसंत पडलं. दोन जिवंत नागप्पा झाले तर चिठ्ठ्या टाकू, असंही ते म्हणाले.

नवरा चंद्रप्पा पहिल्यांदाच बोलला. "मंग मी हिला काय म्हणून हाक मारू?"

महादेवीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती माझ्याकडं पाहत होती.

"हणमंतराव, मला बाप व्हायचं न्हाई," ती म्हणाली. "माझा बाप व्हता, तो मेला, आन् मी त्याची लेक हाव. एवढं कुठंतरी लिवलेलं पाहिजे. रान गेलं तर गेलं, पर तुमच्या कागदात त्यो अजून जिता हाय आन् दुसऱ्याच्या तोंडानं बोलालाय. मी मातीत बसवून आले त्याला. माझ्या हातानं माती टाकली."

मला माझ्या ऐटीची लाज वाटली. मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. त्यात घोटभरच होतं, टँकरला अजून दोन दिवस होते. ती तेवढंच प्यायली आणि उठली.

जाता जाता दारात थांबून म्हणाली, "माझ्या बापाला आन् ह्या गिरणीवाल्याला एका कागदावर शेजारी शेजारी कुणी लिवलं असंल का? तसं असलं तर तुमच्या साहेबांला बी दोन म्हणावं लागंल."

तीन महिने मी एकेका माणसाचे कागद शोधत होतो. दोघांचा मिळून एक कागद शोधायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिला परत बसवलं आणि विचारलं, ही दोन माणसं कधी एका जागी, एका कामाला होती का. ती म्हणाली, बहात्तरच्या दुष्काळात सगळं गावच एका जागी होतं. शिव ओलांडून नांदेड जिल्ह्यात पाझर तलावाचं काम निघालं होतं. जमीनवाले, दुकानवाले, सगळे खडी फोडायला. गिरणीवाला नागप्पाही, कारण तेव्हाही दळायला काही नव्हतं.

"मुकादम लई वैतागायचा," ती म्हणाली. "नागप्पा म्हणून हाक मारली की पाच जण हाव म्हणायचे."

पाझर तलाव नांदेड जिल्ह्यातला, म्हणजे त्याचे हजेरीपट नांदेडला. शनिवारी मी घरी निघालो. बायकोला, केवळाबाईला, वाटलं तिच्यासाठी आलो. तिनं पुरणाचा घाट घातला आणि मी दोन घास खाऊन विष्णुपुरीला जातो म्हणालो, तेव्हापासून ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. त्या दुष्काळी कामांचे कागद विष्णुपुरीला, धरणाच्या वसाहतीमागं एका पत्र्याच्या शेडात आणून टाकलेत असं मला एका जुन्या सोबत्यानं सांगितलं होतं. शेडाचा राखणदार मारोती म्हणाला, आत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आहेत, कागद त्यांच्या खाली आहेत, आणि कागदांच्या खाली विंचू आहेत.

विंचू दोन निघाले. हजेरीपट एकशे साठ निघाले. शनिवार गेला, रविवारही तिसऱ्या प्रहरापर्यंत गेला. नागप्पा पुष्कळ भेटले, पण हुलगेवाडीचे नव्हेत. आयुष्यात पहिल्यांदा मी आधी गाव वाचत होतो आणि मग नाव. बाहेर धरणात उन्हात चमकणारं पाणी दिसत होतं आणि मला हुलगेवाडीची ती दीड परस विहीर आठवत होती. शेवटी एका पटावर हुलगेवाडी सापडलं. मुकादमाचं अक्षर कोंबडीनं पाय ओढल्यागत होतं, पण माणूस पक्का व्यवहारी. पाच नागप्पांना त्यानं कंसात खुणा करून वेगळं ठेवलं होतं. एक ढेकळे गल्लीचा, एक तोतरा, एक बुटका. चौथ्या आणि पाचव्या ओळीशी मी थांबलो. तो पट मी तीनदा वाचला, मग दारात उजेडाला नेऊन चौथ्यांदा वाचला, आणि त्याच कामाचे खालचे पटही काढले.

एकोणतीस तारखेला, सोमवारी, महादेवी आली. गिरणीवाला नागप्पाही काठी टेकत आला, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाची सही व्हायची होती. मी सगळ्यांना साहेबांच्या खोलीत नेलं आणि पट टेबलावर पसरला.

"फेब्रुवारी १९७३," मी म्हणालो. "एकच काम, एकच दिवस, एकच गाव. चौथी ओळ, नागप्पा चंद्रप्पा. पाचवी ओळ, नागप्पा चंद्रप्पा. दोघंही हजर. आणि शेवटच्या रकान्यात दोघांचे अंगठे. ठसे वेगळे आहेत, भिंग घेऊन पाहा."

साहेबांनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग समाधानानं मागं रेलले.

"हणमंतराव, एका माणसाला अंगठे किती असतात?"

"दोन, साहेब."

"मग? एकदा हा लावला, एकदा तो लावला. यानं माणसं दोन कशी होतात?"

मी हे आधीच ओळखून होतो. इतके महिने त्या माणसाच्या हाताखाली काढले होते मी.

"रकान्याचं नाव वाचा, साहेब."

त्यांनी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान हळूहळू उतरलं. रकान्यावर लिहिलं होतं, 'पुरुषाचा डावा अंगठा'.

"दोन्ही डावे आहेत," मी म्हणालो.

साहेबराव साहेबांनी स्वतःचे दोन्ही हात टेबलावर ठेवून पाहिले. मग पंढरीला आपले हात दाखवायला सांगितलं. शेवटी म्हणाले, "दोन डावे अंगठे असलेला खातेदार आपल्या जिल्ह्यात नसावा." मी म्हणालो, जुन्या जिल्ह्यातही नव्हता. त्यांनी पेन उघडलं. माणसं दोन झाल्यावर त्यांतला एक मरायला त्यांची काही हरकत उरली नाही.

"यातला अर्जदार कोणता?" त्यांनी विचारलं.

मी चौथी ओळ वाचली. "नागप्पा चंद्रप्पा, कंसात गिरणीवाला, वय सव्वीस."

"किती?" गिरणीवाला नागप्पा म्हणाला.

"सव्वीस. तेव्हा. आता चाळिशीला एक कमी."

तो खुर्चीतून उठला तो काठीशिवाय. अंगावरची शाल काढून त्यानं साहेबांच्या टेबलावर ठेवली, घडी घालण्याचंही भान त्याला नव्हतं.

"मी मराया लागलो व्हतो, साहेब," तो म्हणाला. "खरंच सांगतो. रोज सकाळी वाटायचं, आज संपलं. एवढं वय माझ्यानं पेलालंच न्हाई." मग तो महादेवीकडं वळला. "ताई, रान तुझंच हाय. मला ठावं व्हतं. पाण्याचं तोंड बघून माझी नियत फिरली."

महादेवीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाली, "पाणी न्यायाला ये. घागरी घेऊन ये, कागद घेऊन येऊ नको."

साहेब फॉर्म भरत होते. मयताचे नाव, त्यांनी लिहिलं. ओळखीची खूण, या रकान्याशी त्यांचं पेन अडलं. "दुसऱ्या नागप्पापुढं कंसात काय आहे?"

मी रात्रभर ते पाठ करत आलो होतो, तरी पट पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

"नागप्पा चंद्रप्पा," मी वाचलं, "कंसात, महादेवीचा."

महादेवी म्हणाली, "काय?"

"मुकादमानं असंच लिहिलंय. तुम्ही जात होतात का कामावर?"

"जात व्हते. त्याच्या शेजारी बसून खडी फोडायचे. सतरा वर्षांची व्हते." तिनं टेबलाला हात धरला. "आमच्यात आज्याच्या नावानं माणूस वळखत्यात. लेकीच्या नावानं कुणी वळखत न्हाई."

"मुकादम ओळखायचा," मी म्हणालो.

"एकच दिवस लिवलंय?"

मी सगळे पट मोजले होते. "चौऱ्याऐंशी दिवस. एकही खाडा नाही."

तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली. नवरा चंद्रप्पा तिच्या जवळ गेला, पण त्याला काय करावं ते समजेना, म्हणून तिची पिशवी धरून उभा राहिला. साहेबांनी खाली पाहून लिहिलं, 'महादेवीचा'. मग सही केली, शिक्का मारला, आणि नागप्पा चंद्रप्पा एकदाचा मेला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर पंढरी पटाची नक्कल घेऊन नागप्पांच्या मांडणीकडं निघाला. मी त्याला थांबवलं. नवं कापड काढ आणि नवा बस्ता बांध, म्हणालो.

"कुणाच्या नावाचा?"

"महादेवी."

त्यानं सगळ्या गोदामावर एक नजर फिरवली. सहा महिने कागद त्यानंच लावलेले होते, बाईच्या नावाचा एकही बस्ता तिथं नाही हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

"एकच कागद हाय, हणमंतराव," तो म्हणाला. "एवढ्यासाठी कापड कशाला?"

"बांध," मी म्हणालो.